आक्का आणि तिचा घरजावई

आमच्याकडे पहिल्यांदा येणारा माणूस चपला काढता काढता एकच शब्द उच्चारतो. "निमो!" वय वर्षं चार ते सत्तर, कुणीही असो. हॉलमध्ये जिथे चारचौघांच्या घरी टीव्ही असतो तिथे आमच्याकडे तीन फुटी काचेची टाकी आहे, त्यात खाऱ्या पाण्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरवणारे दोन मासे आहेत, आणि २००३ साली आलेल्या त्या पिक्चरने जगातल्या यच्चयावत क्लाउनफिशचं बारसं एकदाच उरकून टाकलंय. मग पाहुणे सोफ्यावर बसतात, चहा येतो, आणि दुसऱ्या घोटाला दुसरं वाक्य येतं. "अरे, तो मोठा त्या बारक्याला मारतोय का?"

पहिली गोष्ट, तो नाही, ती. आणि मारतेय का, तर... हो आणि नाही. आज या "हो आणि नाही"बद्दलच लिहायचंय. गेली दोन वर्षं मी या प्रश्नावर इतका वेळ घातलाय की तेवढ्यात एखादं क्लाउडचं सर्टिफिकेशन झालं असतं (मॅनेजर हे वाचत नाही, अशी आशा आहे).

टाकी मूळची माझी नाही. ऑफिसातला एक मित्र जर्मनीला गेला. ऑनसाइट नव्हे, कायमचा. जाताना त्याने टाकी, दगड, पंप, स्किमर असा सगळा संसार माझ्या गळ्यात बांधला, आणि त्यासोबत एक मासा. "ही आक्का. सात वर्षांची आहे. हिचा नर गेल्या पावसाळ्यात गेला. जमलं तर जोडीदार बघ. आणि हात घालताना सांभाळ, चावते." मला वाटलं मस्करी करतोय. साडेआठ सेंटिमीटरचा मासा काय चावणार? तर चावतो. रक्तबिक्त येत नाही, पण माणूस असा दचकतो की कोपरापर्यंत भिजलेला हात पाणी उडवत बाहेर येतो. काच पुसायची म्हणजे आता मी हातमोजा घालतो. घरात हसतात, हसू देत.

तर ही आक्का. टाकीत एका कोपऱ्यात मातीची एक टवका उडालेली कुंडी आडवी टाकलीय, तो तिचा वाडा. समुद्रात क्लाउनफिश राहतात ते समुद्रफुलात, म्हणजे सी ॲनिमोनच्या डंख मारणाऱ्या हातांमध्ये. पण ॲनिमोन घरी सांभाळायचं तर उजेड कडक लागतो आणि पाणी एकदम स्थिर. शिवाय हे मासे ॲनिमोनशिवायही सुखाने जगतात, त्याच्या जागी कुंडी, पंप, प्रवाळ असं काहीही आपलं म्हणतात. एकटा मासा ठेवला तरी काही बिघडत नाही, हेही सांगून टाकतो. आक्का खात होती, पोहत होती, वजन राखून होती. फक्त संध्याकाळी हॉलमधले दिवे लागले की काचेत तिला स्वतःचं प्रतिबिंब दिसायचं आणि ती त्या बाईशी तासन् तास भांडायची. काचेवर तोंड आपटून. रोज. आमची मुलगी म्हणाली, "बाबा, तिला खरं कोणीतरी आणा ना भांडायला."

पोरीने सहज म्हटलं, पण यापेक्षा नेमकं नंतर मी कुठल्या पुस्तकातही वाचलं नाही.

आता थोडं शास्त्र. कंटाळा येणार नाही याची गॅरंटी. क्लाउनफिशचं पिल्लू सुरुवातीला धड नर नसतं नि धड मादी नसतं. वयात येतो तो नर म्हणून. गटात जो सगळ्यात मोठा आणि सगळ्यात दांडगा, त्याची मादी होते. आणि एकदा मादी झाली की परतीचा रस्ता बंद. म्हणजे टाकीतली प्रत्येक आक्का ही पूर्वाश्रमीची अप्पा असते. (पिक्चरमधल्या निमोची आई गेल्यावर बापाने खरं तर आई व्हायला हवं होतं. पिक्चरवाल्यांनी ते टाळलं. आईबापांना थिएटरच्या अंधारात उत्तरं द्यावी लागली असती.) हान्स फ्रिके आणि सिमोन फ्रिके यांनी १९७७ मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं की हे लिंगबदलाचं प्रकरण चालतं दादागिरीवर. मादी जिवंत आहे, रोज टोचण्या देतेय, तोवर नर नरच राहतो. ती गेली की त्याच्यावरचा दाब उठतो आणि त्याची मादी व्हायला सुरुवात होते. दादागिरी हा शब्द इथे अर्थातच चुकीचा आहे. आक्कागिरी म्हणू.

म्हणजे जोडी जमवायची तर दोन माद्या एकत्र टाकून चालत नाही, त्या एकमेकींना जिवंत सोडत नाहीत. आणि दोन क्लाउनफिश हवेत म्हणून दुकानातून एक नर एक मादी असे निवडूनही आणता येत नाहीत, कारण दुकानातल्या पिल्लांमध्ये नर-मादी असं अजून काही ठरलेलंच नसतं. ते ठरणार तुमच्या टाकीत, भांडून. भांडण हीच इथे लग्नाची बोलणी.

पण हे भांडण समुद्रात कसं चालतं ते कळल्याशिवाय टाकीतलं कळत नाही. पीटर बस्टन नावाच्या संशोधकाने पापुआ न्यू गिनीच्या किनाऱ्यावर पर्क्युला जातीच्या क्लाउनफिशचे गट बारकाईने मोजले. त्याचा निबंधही २००३ चाच, निमोच्या वर्षातला, पण त्याला पाहुण्यांमध्ये भाव नाही. एका ॲनिमोनमध्ये एक मादी, एक नर, आणि त्यांच्या खाली पिल्लं न घालणारे काही छोटे मासे. आपल्याला वाटतं, हे चौकोनी कुटुंब, आई-बाबा आणि मुलं. मुळीच नाही. अंड्यातून निघालेली पिल्लं प्रवाहाबरोबर दूर जातात आणि भलत्याच ठिकाणी उतरतात. घरात राहणारे छोटे मासे हे परके. पोटभाडेकरू म्हणा. वरची जागा रिकामी होईल म्हणून रांग लावून बसलेले. नर गेला तर तिसरा नर होतो, मादी गेली तर सगळे एकेक पायरी वर सरकतात. मुंबईत चाळीतल्या खोलीसाठी लोक ज्या चिकाटीने थांबले, तीच चिकाटी.

आणि या रांगेचा नियम पाहून माझ्यातला इंजिनियर खूश झाला. प्रत्येक मासा आपल्या लगेच वरच्या माशाच्या साधारण ऐंशी टक्के लांबीवर थांबतो. मादी साडेआठ सेंटिमीटर असेल तर नर पावणेसातच्या आसपास, तिसरा साडेपाचच्या थोडा आत, चौथा साडेचारच्या आत. खायला मिळत नाही म्हणून नव्हे. तो वाढ आवरून धरतो. कारण वरच्याच्या फार जवळ पोचलेला मासा हा वरच्याला धोका वाटतो, आणि मग त्याला ॲनिमोनबाहेर हाकलतात. ॲनिमोनबाहेर गेलेल्या क्लाउनफिशला कुणीतरी खातं, बहुतेक वेळा लवकरच. म्हणून छोटं राहणं म्हणजे "मी तुझ्या जागेवर डोळा ठेवून नाही" असं अंगाने लिहून दिलेलं प्रतिज्ञापत्र. समोर आल्यावर अंग थरथरवणं, एका कुशीवर कलणं, ही त्याच प्रतिज्ञापत्राची तोंडी आवृत्ती. ते तोंडाने बोलतातसुद्धा. जबडा झटक्यात मिटून दातावर दात आपटून क्लाउनफिश टकटक आवाज काढतात, हे एरिक पार्मांतिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवलं. मासा जितका मोठा तितका आवाज खालच्या पट्टीतला. म्हणजे अंधारातही कुणाशी गाठ आहे ते कळत असणार.

तर समुद्रात आक्रमणाला दोन उत्तरं आहेत. नमायचं, किंवा निघून जायचं. दुसरं उत्तर भयानक आहे, पण आहे. टाकीत मात्र हाकलायला 'बाहेर'च नाही! आक्का हाकलते, बारका पळतो, तीन फुटांवर काच लागते. तो गेला नाही असं तिला दिसतं. ती पुन्हा हाकलते. कोडमध्ये ज्याला आपण बाहेर पडायची अट नसलेला लूप म्हणतो, तो हा. समुद्रात पाच मिनिटांत संपलं असतं ते टाकीत पाच दिवस चालतं आणि एक मासा मरतो. "क्लाउनफिश घरी फार मारामारी करतात" असं लोक म्हणतात तेव्हा मला वाटतं, मासा तेच करतोय जे त्याने समुद्रात केलं असतं. त्याच्याभोवतीची काच आपण आणली. म्हणजे 'बाहेर' पुरवण्याचं काम टाकीवाल्याचं.

एवढी तयारी करून मी दुकानात गेलो. दुकानाचं नाव सांगत नाही, पुण्यातलंच आहे. दुकानदार काकांनी लगेच एक ऐटबाज मासा दाखवला, सहा-साडेसहा सेंटिमीटरचा. "साहेब, तुमच्याकडे मोठी मादी आहे ना? मग हाच घ्या. सारखे सारखे असले की लगेच जमतं." त्यांच्या टाकीत तो इतर सातआठ माशांना एका कोपऱ्यात दाबून एकटा मोकळा फिरत होता. मला शंका होतीच, पण काका म्हणाले नाही जमलं तर दोन दिवसांत परत आणा. म्हणून अटीवर घेतला. घरी त्याला थेट सोडायचा प्रश्नच नव्हता. ॲक्रिलिकची भोकं असलेली पारदर्शक पेटी मिळते, ती टाकीत आतल्या बाजूने लटकवायची, मासा पेटीत, पेटी पाण्यात. एकमेकांना बघा, वास घ्या, पण दात लागणार नाही. ऐन लग्नाआधीचा कांदेपोह्यांचा कार्यक्रम, पोह्यांच्या जागी ब्राइन श्रिंप.

आक्का आली. पेटीसमोर उभी राहिली. पाहुणाही उभा राहिला. दोघांनी पंख ताणले, आणि मग दोन्ही बाजूंनी एकदमच पेटीवर धडका. थरथर शून्य. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तेच. हा गडी एक तर मादी झालेला होता किंवा त्या वाटेवर बराच पुढे गेलेला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात परत, त्याच्या जुन्या साम्राज्यात. काकांनी कुरकुर न करता घेतला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

या वेळी मी काकांना म्हटलं, तुम्ही काही दाखवू नका, मला अर्धा तास बघू द्या. स्टूल दिलं त्यांनी. अर्ध्या तासात कळलं की त्या घोळक्यात सगळ्यात खालचा एक जण आहे, तीन सेंटिमीटरचा, बाकी कुणीही जवळ आलं की थरथरणारा. पण खाणं टाकलं की मधून सुळकन जाऊन स्वतःचा घास घेऊन येणारा. हे दुसरं महत्त्वाचं. नमणारा हवा, पण खचलेला नको. त्याला उचललं. घरी आणेपर्यंत मुलीने नाव ठेवलं, बारक्या.

बारक्याने समुद्र पाहिलेला नाही. तो हॅचरीत जन्मला. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केरळात विळिंजमला आणि तमिळनाडूत मंडपमला क्लाउनफिशच्या पैदाशीवर बरीच वर्षं काम केलंय, आणि समुद्रातून पकडलेला मासा घेण्यापेक्षा हॅचरीतला घेणं मला केव्हाही पटतं. पण त्याने उभ्या जन्मात ॲनिमोन पाहिलं नाही, मोठी मादी पाहिली नाही, तरी थरथरायचं कसं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पेटीत सोडल्यावर आक्का पंख ताणून आली. बारक्या तिला बघून एका कुशीवर कलला आणि मोबाइल व्हायब्रेट व्हावा तसा थरथरला. ती थांबली. काचेला एक टोला मारला आणि परत कुंडीत. मी ऑफिसच्या कॉलवर होतो, म्यूट होतो म्हणून बरं.

दहा दिवस तो पेटीत राहिला. दहा दिवसांत आक्काच्या फेऱ्या कमी झाल्या. अकराव्या दिवशी रात्री मी टाकीचे दिवे घालवले, दगडांची मांडणी बदलली, कुंडी एक वीतभर सरकवली आणि पेटी तिरकी करून त्याला सोडलं. मांडणी बदलायची ती यासाठी, की आक्कालाही आपला वाडा थोडा परका वाटावा. तिच्या डोक्यातल्या नकाशावर हद्दी पुन्हा आखायला घ्याव्यात, त्या कामात पाहुण्याला थोडी उसंत मिळावी. सोसायटीत नवा माणूस रिनोव्हेशन चालू असताना आला तर त्याच्याकडे फार कुणी बघत नाही, तसं.

पहिली सकाळ वाईट होती. दुसरी आणखी वाईट. आक्का कुंडीतून निघायची, टाकीभर त्याला पळवायची, परत जायची, दहा मिनिटांनी पुन्हा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बारक्याची शेपटी करवतीसारखी झाली होती आणि तो वरच्या कोपऱ्यात हीटरच्या मागे उभा होता. टाकीतली बाकी मंडळी, म्हणजे निळे-हिरवे क्रोमिस आणि एक गोबी, मजेत होती. आक्का त्यांना ढुंकूनही विचारत नाही. तिचा राग फक्त आपल्यासारख्यांवर. ओकिनावातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तर असं दिसलं की ऑसेलारिस जातीचे छोटे मासे समोरच्या माशाच्या अंगावरचे पांढरे पट्टे मोजल्यासारखे वागतात, आणि स्वतःइतके, म्हणजे तीन पट्टे असलेल्याशी सगळ्यात जास्त भांडतात. भाऊबंदकी ही काही आपलीच मक्तेदारी नाही.

बायको स्वयंपाकघरातून आली, टाकीसमोर उभी राहिली, आणि म्हणाली, "तू नुसता बघत बसलायस?"

हा प्रश्न सोपा नाही. काढला बाहेर तर बारक्या वाचणार, पण दहा दिवसांचा हिशेब पुन्हा शून्यावर, आणि पुढच्या वेळी आक्का आणखी चिडलेली. नाही काढला तर कदाचित उद्या सकाळी तो तळाशी. यात "निसर्गाचं चालू द्या" म्हणणं मला लबाडीचं वाटतं. दोनशे लिटरच्या काचेच्या टाकीत निसर्ग कुठला? मीच 'बाहेर' आहे, तर दार कधी उघडायचं हे मलाच ठरवायला हवं. म्हणून सोडायच्या आधीच मी कागदावर तीन ओळी लिहून ठेवल्या होत्या. खाणं सोडलं तर काढायचा. पंख मुळापर्यंत फाटले तर काढायचा. ती पाठलाग थांबवेनाशी झाली, म्हणजे तो थरथरला तरी ती टोचतच राहिली, तर त्याच क्षणी काढायचा. रिलीजच्या रात्री रोलबॅक कधी करायचा हे आधी ठरवून ठेवतात ना, तसं. रात्री दोनला डोळ्यांवर झोप आणि पोटात गोळा असताना ठरवू नये.

मी बायकोला कागद दाखवला. तिने वाचला. "मग टाक खायला," म्हणाली.

मायसिसचा तुकडा विरघळवून हीटरच्या बाजूला सोडला. बारक्या हलेना. आम्ही तिघं टाकीसमोर, मुलगी माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून. साधारण मिनिटभराने तो मागून आला, एक दाणा घेतला, परत मागे. मग दुसरा. मग आक्का आली. तो कलला, थरथरला. ती त्याच्या बाजूने गेली आणि त्याला टोचलं नाही. जाळं मी बादलीत परत ठेवलं, पण बादली टाकीजवळच ठेवली. रात्री दोनदा उठून टॉर्च मारून पाहिलं.

ते वळण होतं की नाही, सांगता येत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशीही पळवापळवी होतीच. पण ती आता लांबीने कमी व्हायला लागली. आधी टाकीभर, मग अर्धी टाकी, मग कुंडीच्या आसपास वीतभर. माझा एक निष्कर्ष असा, की पाठलाग किती वेळा होतो ते मोजू नये, तो कुठे थांबतो ते बघावं. आठव्या दिवशी बारक्या कुंडीच्या तोंडाशी झोपला, बाहेरच्या बाजूला. शेपटी दोनेक आठवड्यांत भरून आली. महिनाभराने तो कुंडीच्या आत.

मध्ये आई गावाहून आली होती. तिने दोन दिवस निरीक्षण केलं आणि निकाल दिला, "घरजावई आहे रे तो. ऐकून घेणारच." तेव्हापासून घरात हेच नाव चालतं. मित्रमंडळींचे विनोद मात्र ठरलेले असतात, "घरोघरी मातीच्या चुली, तुझ्याकडे मातीची कुंडी", "वहिनींनी बघून शिकू नये म्हणजे झालं" वगैरे वगैरे. पहिल्या दहा वेळा हसलो. आता कंटाळा येतो, कारण हा विनोद गोष्ट उलटी सांगतो. बारक्या बिचारा वगैरे नाही. तो वारस आहे. आज आक्का गेली तर उद्यापासून तो आक्का व्हायला लागेल, आणि हे मेंदूपासून सुरू होईल. इलिनॉय विद्यापीठातल्या जस्टिन रोड्स यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं की मादी होऊ लागलेल्या माशाच्या मेंदूतला संबंधित भाग काही महिन्यांतच मादीसारखा होतो, तेव्हा शरीरातली बीजग्रंथी अजून नराचीच असते. आधी डोक्याने आक्का, मग अंगाने. घरजावई म्हणा हवं तर, पण सातबाऱ्यावर नाव त्याचं लागणार आहे.

आणि त्याला घाई नाही. रानातल्या पर्क्युला मादीचं आयुष्य तीस वर्षांपर्यंत जात असावं असा बस्टनचाच अंदाज आहे. आमचं होमलोन त्याआधी फिटेल.

मी दर महिन्याला काचेबाहेरून पट्टी धरून फोटो काढतो आणि स्क्रीनवर लांबी मोजतो. (एक्सेल शीट आहे. हो, ग्राफही आहे.) बारक्या पहिल्या वर्षात झरझर वाढला, पाच सेंटिमीटरच्या पुढे गेल्यावर रेघ आडवी व्हायला लागली. सध्या तो सहाच्या थोडा पुढे आहे आणि आक्का साडेआठच. ऐंशी टक्क्यांना अजून जागा आहे, पण तो उगीच धावत नाही. लहान होणंही त्यांना जमतं, हे तर २०२५ मध्ये कळलं. पापुआ न्यू गिनीच्याच किम्बे उपसागरात मेलिसा व्हर्स्टीग आणि सहकाऱ्यांनी १३४ क्लाउनफिश दर महिन्याला असे पाच महिने मोजले, समुद्र तापलेल्या काळात. त्यातले बहुतेक मासे लांबीने चक्क कमी झाले, हाडामांसाचे मासे! आणि जोडीदाराबरोबर जे आखडले ते जास्त जगले. मी ही बातमी वाचून त्या रात्री पुन्हा एकदा पट्टी लावली होती. पुण्यातला मे महिना होता आणि टाकीचं पाणी एकोणतीसला टेकलं होतं. दोघं होते तेवढेच होते.

बारक्या आल्यावर साधारण चौदा महिन्यांनी एक दिवस तो कुंडीची आतली बाजू तोंडाने घासताना दिसला. मग आक्काही. दोन दिवस नवरा-बायको मिळून भिंत रंगवायला काढल्यासारखे लागले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी कुंडीत नारिंगी दाण्यांचा ठिपका. दुसऱ्या दिवशी सकाळी गायब, दोघांनी मिळून खाल्ली असणार. नव्या जोडप्यांमध्ये हे सर्रास होतं. तिसऱ्या खेपेला टिकली. आणि मग दृश्य उलटं. बारक्या दिवसभर अंड्यांसमोर उभा, पंखांनी वारा घालतोय, खराब झालेलं अंडं तोंडाने उचलून काढतोय, आणि आक्का मध्ये आलीच तर तिच्या अंगावरून तसाच पुढे. ती सरकते! सहा महिने हीटरमागे उभा असलेला तो हाच का, असं वाटावं इतकं. (सहा महिने नव्हे, पाच दिवस. पण तसं वाटलं होतं खरं.) माझ्या हातमोज्यावर आता दोघं येतात.

अंडी आधी नारिंगी, मग करडी, शेवटी प्रत्येकात दोन चंदेरी डोळे. आठव्या रात्री दिवे घालवल्यावर तासाभरात फुटतात. टॉर्चच्या उजेडात पाण्यात काचेच्या सुया तरंगाव्यात तशी दिसतात पिल्लं. टाकीत ती टिकत नाहीत, क्रोमिस आहेत, पंप आहे. वाचवायची तर वेगळी काळी टाकी, आणि खायला पहिल्या दिवसापासून रोटिफर, म्हणजे डोळ्यांना दिसणार नाहीत एवढे जीव, जे आपणच हिरव्या पाण्याच्या बाटल्यांमध्ये रोज पैदा करायचे. मुलीने वहीत यादी काढलीय, बाटल्या पाच, हवेचा पंप एक, बारीक गाळणी एक. जर्मनीहून मित्राचा मेसेज आलाय की कर रे, मी व्हिडिओ कॉलवर सांगतो. बाटल्या ठेवायला उजेडाची आणि उबेची एकच जागा घरात आहे, ती म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा, आणि त्यावर अजून चर्चा चालू आहे.